चार समुद्रांतले दोन

शिंपीगल्लीच्या तालमीत माणसापेक्षा आकड्याला मान जास्त. शपथा छत्तीस, लाकडी पुतळ्यावर मारायचे हात एकशे आठ, तालमीच्या क्वानदेवापुढच्या उदबत्त्या साडेतीन. साडेतीनच का, असं एखाद्या नव्या पोरानं विचारलं की लो म्हातारा त्याच्याकडे असा बघायचा की पोराला जन्माला आल्याचीच लाज वाटावी. लो म्हातारा हा तालमीचा उदबत्तीचा मानकरी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, दात चार, आणि तेही मोजून सांगणारा.

दक्षिण चीनमधल्या या फोशान गावची माणसं चार या आकड्याला एरवी मरणाइतकी भितात, कारण त्यांच्या बोलीत चार आणि मरण जवळजवळ सारखंच ऐकू येतं. तालमीतल्या खुंट्यांवरही तिसऱ्या आकड्यानंतर एकदम पाचवा लिहिलेला. पण सलामीत मात्र चारच हवेत! उजव्या हाताची मूठ, आणि तिला टेकलेला डाव्या हाताचा उघडा तळवा. मूठ म्हणजे सूर्य, तळवा म्हणजे चंद्र. मूठ पुरुष, तळवा बाई. मुठीतली पाच बोटं म्हणजे पाच सरोवरं, तळव्याची चार ताठ बोटं म्हणजे चार समुद्र, म्हणजे जगभर पसरलेले सगळे बंधू, आणि आत वळवलेला अंगठा म्हणजे ‘मी काही मोठा नाही’ ही कबुली. मांचू बादशहाला हाकलायची शपथ घेतलेल्या बंधूंची ही जुनी खूण. बादशहा जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, त्यानं सक्तीनं राखायला लावलेल्या शेंड्या गावात कापून झाल्या होत्या, तरी खूण आपली जागच्या जागी होती.

माक वान-फोंगच्या डाव्या हाताला बोटं तीनच होती. अंगठा आत वळवला की समुद्र उरत दोन.

ती फटाकेवाल्यांच्या वस्तीतली. तिची आई कागदाच्या नळ्या वळायची आणि वान-फोंग सहा वर्षांची असल्यापासून त्यांत दारू ठासायची. एकोणिसाव्या वर्षी, नवं वर्ष आठ दिवसांवर आलेलं असताना, एक नळी तिच्या हातात फुटली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. मुकादमानं जखमेवर राख दाबली आणि तिला हातगाडीवर घालून शिंपीगल्लीत तांग हॉक-निन यांच्या दारात सोडलं. तांग हे तालमीचे वस्ताद आणि गावातले नावाजलेले हाडवैद्य. आधी माणसांना पाडायला शिकवायचं आणि मग पडलेल्यांची हाडं बसवायची, असा त्यांचा दोन्हीकडून चाललेला धंदा.

तांगनी हात उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, “गेलेलं मला आणता येत नाही, पोरी. उरलेलं तेवढं बळकट करता येईल.”

“मग करा की,” ती म्हणाली. “बघत काय बसलात?”

वस्ताद त्या दिवशी हसले, असं त्यांची स्वयंपाकीण पुढे कित्येक वर्षं सांगायची, कारण वस्ताद हसण्याचे प्रसंग मोजकेच.

हातात जोर यावा म्हणून त्यांनी तिला आधी ओला पंचा पिळायला दिला. मग काठी दिली. काठीपाशी ही थांबेल असा त्यांचा अंदाज होता. पण थांबणं वान-फोंगला कधी जमलंच नाही. तीन वर्षांनी तिच्या हातात जोडसुरे आले. हे सुरे आखूड आणि रुंद पात्यांचे, पाठीला पाठ लावून एकाच म्यानात बसणारे. म्यानात एक, बाहेर दोन. लो म्हातारा या सुऱ्यांवरून तासभर प्रवचन झोडू शकायचा. जगात जे जे आहे ते दोन असून एक कसं आहे, दिवस-रात्र, नर-मादी, श्वास-उच्छ्वास, आणि असं बरंच. वान-फोंगची अडचण त्याहून साधी होती. करंगळीशिवाय डावा सुरा मुठीत ठरतच नव्हता. सारखा निसटून पातं मागे वळायचं आणि कोपराच्या बाजूला येऊन टेकायचं. ती चिडायची, शिव्या घालायची, पुन्हा धरायची. वस्ताद कोपऱ्यात हुक्का ओढत बघत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, “राहू दे तसाच. समोरच्याला कळतच नाही तुझा सुरा कुठून येणार ते. मलाही कळलं नाही.”

बाविसाव्या वर्षी तिनं करुणेच्या देवीपुढे स्वतःच्या हातानं केसांचा अंबाडा घातला. तिकडे मुलीचा अंबाडा लग्नाच्या वेळी दुसरं कुणीतरी घालतं. जिनं स्वतःच घातला तिनं लग्नाला कायमचा रामराम केला, असं सगळे समजतात. मग कालव्यामागच्या बहिणींच्या घरात ती राहायला गेली. तिथं तिच्यासारख्या सहा जणी होत्या. एक चूल, एक विहीर, आणि खारवलेल्या माशाचा शेवटचा तुकडा कुणी खाल्ला यावरून रोज एक भांडण. सुखात होत्या.

तालमीत तिचा असा काही हुद्दा नव्हता. पण वस्तादांचे गुडघे गेले तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, पुढच्या दालनात मुलांना शिकवलं ते तिनंच. आणि मागच्या अंगणात तिनं बायकांना शिकवायला सुरुवात केली. रेशमाच्या कारखान्यात उकळत्या पाण्यातून कोश काढून काढून हात पांढरे पडलेल्या बायका. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी मुकादम कुणाची वाट बघत उभे राहतात, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या आल्या. आधी तीन आल्या, मग चौदा झाल्या. एकदा एका मुकादमाचं मनगट मोडलं आणि त्याला हाडवैद्याकडे म्हणून नेमकं तांग वस्तादांकडेच आणलं. वस्तादांनी मनगट नीट बांधलं आणि फार काळजीनं विचारलं, “कुठल्या दारात सापडलं म्हणायचं हे?” मुकादम म्हणाला, कारखान्याच्या. अंगणातल्या बायका ओंजळीत तोंड लपवून हसत होत्या.

त्या वसंतात वस्ताद गेले. जाण्याआधी लो म्हातारा, पुतण्या बाक-चुंग आणि स्वयंपाकीण या तिघांसमोर स्वच्छ बोलून गेले, “सुरे फोंगचे. शिकवणंही तिचंच.”

तांग बाक-चुंग हा तांदळाचा व्यापारी. माणूस वाईट नव्हता. वाईट असायला जी मेहनत लागते ती त्यानं कधी घेतली नाही. लाकडी पुतळ्याला त्यानं हात लावून अकरा वर्षं झाली होती. पण वस्तादांची खुर्ची आपल्या घराण्यातून जाते म्हटल्यावर त्याला अचानक तालमीची काळजी वाटू लागली. खुर्चीवर बसलो की मागचं अंगण बायकांना बंद, तिथं सोंगट्यांची टेबलं मांडू, असं तो आधीच चहाच्या दुकानात बोलून बसला होता. अंगण बंद म्हणजे चौदा बायका पुन्हा फाटकाशी एकट्या, हे वान-फोंगला चांगलं कळत होतं. खुर्ची तिला त्यासाठी हवी होती. आणि खोटं कशाला बोला, स्वतःसाठीही हवी होती. बावीस वर्षं घाम गाळला होता तिनं.

बाई नको, असं तोंडानं म्हणायची मात्र सोय नव्हती. त्यांच्या विद्येची आद्यगुरू ही मुळात एक भिक्षुणी. तिची तसबीर भिंतीवर, आणि रोज तिच्यापुढे डोकं टेकायचं. मग लो म्हाताऱ्यानं बोटं मोजली.

चहाला बोलावलं तिला. बशीत फोशानची ती खुसखुशीत बिस्किटं मांडली होती, म्हणजे काहीतरी कडू गळ्याखाली उतरवायचा बेत होता.

“फोंग, तुझ्या हाताबद्दल कुणाची तक्रार नाही,” लो म्हणाला. “पण गादीवर बसणाऱ्याला क्वानदेवापुढे सलामी द्यावी लागते. आणि तुझे समुद्र दोनच. दोन समुद्र कमी म्हणजे निम्मे बंधू कमी. निम्म्यांनाच सलामी दिलीस असं होतं.”

“नऊ वर्षं मी रोज सलामी देते, लो आजोबा. तेव्हा निम्मे बंधू कुठं गेले होते? बाजारात?”

“तेव्हा तू फक्त शिकवत होतीस.”

“हां. म्हणजे घाम गाळायला दोन समुद्र पुरतात, खुर्चीत टेकायलाच चार लागतात.”

बाक-चुंग खाकरला. “फोंगे, तू चिडू नको. आम्ही मार्ग काढलाय. तू मूठ धर, मी शेजारी उभा राहून माझा तळवा लावतो. सूर्य तुझा, चंद्र माझा. दोघं मिळून एक. शास्त्राला धरून आहे.”

“आणि खुर्चीत? तिथंही दोघं मिळून एकच बसायचं का, चुंगदादा? तुमच्या बायकोला विचारलंत?”

लो म्हातारा गालातल्या गालात हसला आणि लगेच गंभीर झाला. त्यानं बाहीतून एक लाकडी डबी काढली. आत रेशमी हातमोजा होता आणि त्यात पंखे करणाऱ्याकडून घडवून आणलेली बांबूची दोन बोटं. सुबक काम होतं. नखंसुद्धा कोरली होती.

“एवढं एका दिवसापुरतं घाल,” तो म्हणाला. “मोजायला चार भरली की झालं. देव काही ओढून बघत नाही.”

वान-फोंगनं डबी घेतली. बिस्किट नाही घेतलं.

घरी बहिणींनी तो हातमोजा हातोहात फिरवला. अंगणातली आ-यिंग तिथंच येऊन बसली होती. ही कोश उकळणारी, चोवीस वर्षांची, एक नंबरची बडबडी, आणि मनगट मोडणारी ती हीच.

“घाला ना, फोंगआत्या,” ती म्हणाली. “एक दिवस घाला, खुर्चीत बसा, आणि दुसऱ्या दिवशी काढून म्हाताऱ्याच्या नाकात घाला. अंगण तर वाचेल आपलं.”

बोलणं खोटं नव्हतं. वान-फोंगनं हातमोजा चढवला आणि भिंतीवरच्या आरशापुढे उभी राहून सलामी दिली. चार बोटं. सरळ, सुंदर, एकसारखी. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिचा हात पुरा दिसत होता. तिनं तो उलटसुलट करून पाहिला. आणि मग संताप आला, पायापासून डोक्यापर्यंत. या दोन बांबूच्या कांड्यांनी त्या अंगणात एक घाव घातला नव्हता, एकही पंचा पिळला नव्हता, आणि मान त्यांना मिळणार होता! उरलेली तीन बोटं मात्र पडद्याआड.

तिनं हातमोजा काढला. रेशीम चांगलं होतं म्हणून धाकट्या बहिणीला रुमालाला दिलं. बोटं चुलीत घातली.

“आत्या, अहो, अंगण!” आ-यिंग ओरडली.

“अंगण लबाडीनं मिळालं तर उद्या लबाडीनंच जाईल. तू भात बघ, करपतोय.”

सहाव्या महिन्याच्या चोविसाव्या तिथीला क्वानदेवाचा जन्मदिवस. सकाळीच ऊन असं की फरशीवर पाय ठरेना. तालमीत बहात्तर बंधू जमले होते. त्र्याहत्तरावा आला तेव्हा लो म्हाताऱ्यानं त्याला आकडा बिघडतो म्हणून दाराबाहेर बसवलं. लाल चेहऱ्याच्या क्वानदेवापुढे अख्खं भाजलेलं डुक्कर, साडेतीन उदबत्त्या, आणि मधोमध चौरंगावर वस्तादांचे जोडसुरे. खुर्ची रिकामी. तिच्या उजव्या अंगाला नव्या रेशमी झग्यात बाक-चुंग घाम पुसत उभा. मागच्या दारात चौदा बायका, आत यायची परवानगी नसलेल्या.

बेत असा ठरला होता, की वान-फोंग सलामी देईल, लो म्हातारा चार मोजेल, भरली तर ठीक. नाही भरली तर सलामी अपुरी म्हणून पुकारा करायचा आणि बाक-चुंगला पुढे घ्यायचं.

वान-फोंग पुढे आली. उघड्या हातांनी. तिनं मूठ वळली, तळवा टेकवला, देवाला सलामी दिली. मग वळली आणि खुर्चीवर दुसरा दावा सांगणारा म्हणून बाक-चुंगपुढे तसेच हात धरून उभी राहिली.

“एक,” लो म्हातारा मोजू लागला. “दोन.” आणि थांबला. त्यानं दालनाकडे पाहिलं. “फोंग, तुला काय दिलं होतं मी?”

“जळण दिलं होतंत, आजोबा. पाणी चांगलं उकळलं.”

दालनात कुणीतरी खिदळलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

“सलामी अपुरी आहे,” लो म्हणाला. “दोन समुद्र कमी.”

“कमी नाहीत. वाजून गेलेत.” तिचा आवाज चढला नव्हता, पण मागच्या दारापर्यंत पोचत होता. “ज्या वर्षी माझी बोटं गेली त्या वर्षी या तालमीचं सिंहाचं सोंग गावभर नाचलं. त्याच्यापुढे दहा हजार फटाक्यांची माळ वाजली. आमच्या छपरीतली माळ. मी ठासलेली. लो आजोबा, पेटवलीत तुम्ही. तेव्हा टाळ्या पिटल्यात, बोटं नाही मोजलीत. बहात्तर जण आहात ना इथं? ज्याच्या लग्नात फटाके वाजले नाहीत त्यानं माझा हात अपुरा म्हणावा.”

 बहुतेक जण फरशीकडे बघत होते. लाज अशीच वाटली पाहिजे माणसाला, उशिरा का होईना.

पण लाज वाटणं वेगळं आणि सलामीला उत्तर देणं वेगळं. बाक-चुंगचे हात खालीच होते. लो म्हातारा म्हणाला, “पोरी, हात खाली घे. उत्तर मिळणार नाही.”

“मग तसं चुंगदादांना म्हणू दे.” ती हलली नाही. “आजोबा, पस्तिसावी शपथ काय आहे? मी बाई, विसरले असेन.”

लो म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. आकडे चुकवणं त्याच्या रक्तातच नव्हतं. छत्तीसच्या छत्तीस शपथा त्यानं साठ वर्षं घोकल्या होत्या, आणि समोर बहात्तर माणसं ऐकत होती. तो पुटपुटला, “बंधूनं दिलेली सलामी ज्यानं परतवली नाही, त्यानं आव्हान दिलं असं समजावं.”

“आणि आव्हान कधी निकालात काढायचं?”

“त्याच जागी. उदबत्ती विझायच्या आत.”

“झालं तर मग. सुरे चौरंगावर आहेत. चुंगदादा, एक तुम्ही घ्या, एक मी घेते. की दोन्ही तुम्हालाच हवेत? घ्या, दोन्ही घ्या. मी पंख्याच्या काडीवर भागवते.”

बाक-चुंगनं सुऱ्यांकडे पाहिलं. मग तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं, त्या तीन बोटांकडे. त्या हातातला सुरा कुठून येतो ते कळत नाही, हे त्याचे काकाच त्याला सांगून गेले होते. झग्याच्या आतून घामाची धार पाठीवरून खाली गेली असणार. लो म्हातारा डोळे मिटून उभा होता आणि उदबत्त्या भराभर जळत होत्या. त्यातली अर्धी तर केव्हाच संपली होती.

वान-फोंगचे खांदे भरून आले होते. एकेचाळीस वर्षं वय, पोटात सकाळपासून पेजेचा थेंब नाही, आणि मनात एकच भीती. हा मूर्ख अब्रूसाठी खरोखर सुरा उचलायचा आणि मला वस्तादांच्या पुतण्याला वस्तादांच्याच देवापुढे कापावं लागायचं. तिनं हात खाली घेतले नाहीत. घेतले असते तर चौदा जणींचे हात खाली आले असते.

बाक-चुंगनं घसा साफ केला. उजवी मूठ वळली. चार समुद्र ताठ करून तिच्यावर टेकवले आणि मान लववली. “बस बाई एकदाची,” तो हळूच म्हणाला. “पाय दुखले माझे.”

त्याच्यामागून बहात्तर मुठींवर बहात्तर तळवे आपटले. काहींनी मनापासून आपटले, काहींनी दात-ओठ खात. लो म्हातारा सगळ्यात शेवटी. त्यानं मोजलं नाही.

वान-फोंगनं सुरे उचलले. खुर्चीत ती बसली नाही. डुकराच्या मांसाची वाटणी सुरू व्हायच्या आधी ती मागच्या अंगणात गेली. बायका ओळीत उभ्या होत्या, रडत-हसत. सगळ्यांच्या पुढे आ-यिंग. तिनं नवीन वस्तादाला सलामी दिली, आणि देताना डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुद्दाम आत दुमडून धरलं. तिचं बघून मागच्या दोघी-तिघींनीही दुमडली.

वान-फोंगनं म्यान उलटं करून आ-यिंगच्या बोटांवर सटकन मारलं.

“आई गं! आत्या, मी तुमच्या मानासाठी...”

“त्या हाताला बोटं किती आहेत तुला?”

“पाच.”

“मग लपवतेस कशाला? मी माझ्या दोन बोटांसाठी आज मरायला तयार झाले, आणि तू तुझी धडधाकट दोन घडी घालून ठेवतेस? सरळ कर. जेवढी आहेत तेवढी दाखवायची. मागच्यांनी पण.”

आ-यिंगनं बोटं सरळ केली. मार बसलेलं एक लाल झालं होतं.

“हं,” वान-फोंग म्हणाली. “आता पुन्हा.”